निरोगी पत्र्यापर्यंत

चुंबक दरवाज्याच्या वरच्या अंगाला घट्ट चिकटलं. तसंच खाली सरकवत नेलं, तर तळाच्या कडेपासून चार बोटांवर ते निसटून फरशीवर पडलं. “इथं पत्राच न्हाई. नुसती लांबी हाय,” मेस्त्री म्हणाले.

गाडी बाबांची, १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. कुळी फियाट ११००ची, बांधणी कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून २०२३ मध्ये थांबली. आमची त्याआधीच अंगणात उभी राहिली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ती आणली तेव्हा काम मुख्यतः रंगाचं आहे, अशी माझी समजूत होती. दर रविवारी मेस्त्रींच्या हाताखाली शिकायला उभा राहिलो, आणि रंगाच्या डब्याचं झाकण उघडायला सात महिने लागले.

आधी जुनी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, खरवडली. तिची जाडी अर्धा इंच. आत गंजाची जाळी, आणि तिला आधार म्हणून कोंबलेले कागदाचे बोळे. कुणीतरी रोग झाकून वर रंग मारला होता. मी ग्राइंडर धरला, दिसणारा गंज कापला आणि थांबलो. चांगल्या दिसणाऱ्या पत्र्यावर पातं चालवायला हात धजत नव्हता. मेस्त्रींनी हातोडीनं कडेला टिचक्या मारल्या. आवाज बद्द. तीन बोटं वर सरकल्यावर खणखणीत. “गंज दिसतो तिथवर न्हाई दादा, पत्रा बोलतो तिथवर कापायचं.”

दरवाज्याखालच्या पेटीला हात घालण्याआधी मात्र त्यांनी मला थांबवलं. या गाडीला वेगळी चासी नाही. तळ, टप आणि या पेट्याच सगळा भार पेलतात. आधार न देता पेटी कापली तर गाडी मधून वाकते, मग दरवाजे कधीच नीट लागत नाहीत. म्हणून गाडी घोड्यांवर समपातळीत घेतली, दरवाज्याच्या चौकटीत आडवा पाइप टाचला, आणि एका बाजूचं काम पुरं झाल्यावरच दुसरी उघडली.

नवा तुकडा वीस गेजच्या पत्र्याचा. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा हा पत्रा सलग वेल्डिंगच्या आचेनं पापडासारखा वेडावाकडा होतो. म्हणून एक टाका इथं, दुसरा वीतभर पलीकडे. मधे निवू द्यायचं. दोन फुटांच्या सांध्याला आख्खी दुपार गेली.

मग पोच काढणं. आतून पोलादी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी. ठोकळा नेमका हातोडीखाली असेल तर टणत्कार होतो आणि पत्रा पातळ होऊन पसरतो. शेजारी असेल तर उंचवटा बसतो आणि खड्डा वर येतो. मी पहिल्या मडगार्डाला इतकं ठोकलं की पत्रा पसरून डबडबायला लागला. मेस्त्रींनी तिथं रुपयाएवढा ठिपका लाल केला, हलकेच ठोकला आणि ओलं फडकं टेकवलं. पसरलेला पत्रा आवळला, डबडब थांबली.

लांबी शेवटी लागलीच, पण कागदाइतकी. वर काळ्या रंगाची पुसट फवारणी करून लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिशपेपरनं घासलं. जिथं काळं उरतं तिथं खड्डा. जिथं पत्रा उघडा पडतो तिथं उंचवटा. तळव्यालाही ते कळतं, पण डोळे मिटून, फडक्यावरून हात फिरवला तरच.

पांढरा रंग चढला, घासूनपुसून झाला. मी चावी मागितली. मेस्त्रींनी तांब्या भरून आणला आणि काचेच्या फटीतून दरवाज्यात ओतला. पावसाचं पाणी तिथून आत जातंच. खालची भोकं मातीनं किंवा रंगानं बुजली की ते आतच साचतं, आणि दरवाजा आतून सडायला लागतो. आम्ही दोघं उकिडवे बसलो. क्षणभरानं तळाच्या तीनही भोकांतून पाण्याच्या धारा लागल्या.

तेव्हा त्यांनी चावी दिली.