नंबर प्लेट आणि आपले आरोग्य

नंबर प्लेटचा आरोग्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

अपघातात मांडीचे हाड मोडलेला कमावता माणूस कित्येक महिने घरी बसतो. शस्त्रक्रिया, औषधे, बुडालेला रोजगार, हे सारे कोणी सोसायचे? धडक देणाऱ्या गाडीचा नंबर कळला, तर मालक व विमा कंपनी यांचा शोध लागतो. मग न्यायाधिकरण जखमीचे वय, उत्पन्न व अपंगत्व पाहून भरपाई ठरवते. गाडी पळून गेली आणि नंबर कळलाच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे गंभीर दुखापतीस ५० हजार व मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. त्यात संसार सावरत नाही.

'एमएच ०६' ही आपल्या पेणच्या परिवहन कार्यालयाची खूण. परंतु पुढच्या ४१४१ चा 'दादा' आणि २१४ चा 'राम' करण्याची हौस अनेकांना असते. काहींच्या प्लेटवर पावसाळाभर चिखल असतो. अष्टमीहून कोलाड वा नागोठण्याकडे अंधारात जाताना अशी प्लेट कोण वाचणार?

अपघात दिसला तर पुढील गोष्टी कराव्यात :

१) आधी माणूस, मग नंबर. १०८ ला फोन करावा. दोघे असल्यास एकाने जखमीकडे पाहावे, दुसऱ्याने नंबर, रंग व दिशा लिहून घ्यावी. पाठलाग करू नये.

२) वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे.

३) मान वाकवू नये. हात-पाय धरून उचलून रिक्षात कोंबू नये.

४) पाणी, चहा पाजू नये. भूल द्यावी लागल्यास ते धोक्याचे ठरते.

पोलिसांच्या भीतीने अनेक जण पुढे होत नाहीत. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आहे. २०२५ च्या योजनेनुसार ठरावीक रुग्णालयांत पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात.

उद्या सकाळी गाडी पुसताना दोन्ही प्लेटांवरूनही ओले फडके फिरवावे. आणि हेल्मेट मात्र डोक्यावरच असावे, आरशाला लटकवलेले नको.