वर्ष शून्य: ब्रिटनमधल्या पत्रकारितेच्या पदवीची एक बाजूची वाट

इंग्लंडमध्ये पत्रकारितेची पदवी तीन वर्षांची. तरी काही अभ्यासक्रमांच्या नावापुढे ‘विथ फाउंडेशन इयर’ अशी शेपटी असते आणि मुदत चार वर्षांची होते. विद्यापीठातले लोक या जादा वर्षाला ‘वर्ष शून्य’ म्हणतात. ए-लेव्हलला गुण कमी पडले, शाळा मध्येच सुटली किंवा बऱ्याच वर्षांनी पुन्हा शिकायचं मनात आलं, अशांसाठी ही सोय आहे. गुणांचा हिशेब यूकॅस या केंद्रीय प्रवेशसंस्थेच्या कोष्टकाप्रमाणे होतो: ‘ए’ला ४८, ‘बी’ला ४०, ‘सी’ला ३२. तीन विषयांत ‘सी’ म्हणजे ९६. थेट प्रवेशाला बहुधा त्याच्या आसपास किंवा वर मागतात. शून्य वर्षाला बरंच कमी चालतं.

नावांचा घोळ आधी निस्तरायला हवा. ‘फाउंडेशन डिग्री’ ही वेगळीच पात्रता आहे, साधारण दोन वर्षांची आणि स्वतंत्र. ‘इंटरनॅशनल फाउंडेशन’ परदेशी विद्यार्थ्यांसाठी असतो आणि तो अनेकदा खासगी संस्था चालवतात. बारावी करून भारतातून जाणाऱ्यांना एजंट बहुतेक वेळा हाच दाखवतो. आपण बोलतोय ते पदवीतच गुंफलेल्या वर्षाबद्दल. त्याचा अर्ज एकदाच करायचा, शून्य वर्ष उत्तीर्ण झालं की त्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला जायचं.

या वर्षात शिकवतात काय? पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. कॅमेरा, माइक, स्टुडिओ यांचा वाटा लहान असतो. वर्षाचे १२० क्रेडिट असतात आणि त्यांतले बरेच इतिहास, समाजशास्त्र किंवा चित्रपट शिकू पाहणाऱ्यांच्या बरोबरीने मिळवायचे असतात: निबंध कसा बांधायचा, दुसऱ्याचं म्हणणं घेतलं तर श्रेय कसं द्यायचं, आकडेवारीचा तक्ता कसा वाचायचा. मला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. पुढे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचा दोनशे पानी दस्तऐवज समोर येतो तेव्हा कॅमेऱ्याची सराईत बोटं काही कामाची नसतात.

त्याच्या जोडीला बातमीलेखनाची सुरुवात होते. स्थानिक कौन्सिलच्या सभेचं इतिवृत्त हातात देऊन तीनशे शब्दांची बातमी मागतात. नवखा विद्यार्थी सभा जशी झाली तशी लिहितो: अध्यक्ष आले, मागचं इतिवृत्त मंजूर झालं, मग चर्चा. शिक्षक तेराव्या मुद्द्यावर बोट ठेवतात, तिथे वाचनालय बंद करायचं ठरलेलं असतं. तो मुद्दा पहिल्या वाक्यात आणायचा, बाकीचं महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने.

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जाऊन बसायलाही सांगतात. प्रेक्षकांची जागा बहुतेक सुनावण्यांना कुणालाही खुली असते. मात्र इंग्लंड-वेल्समध्ये कोर्टात फोटो काढणं १९२५ च्या कायद्याने गुन्हा आहे. छापण्यासाठी चित्र काढायलाही मनाई आहे, म्हणून कोर्टाचे चित्रकार बाहेर येऊन आठवणीतून रेखाटतात. कोर्टाच्या अवमानाचा १९८१ चा कायदा आणि अब्रुनुकसानीचा २०१३ चा कायदा सविस्तर येतात ते पदवीच्या वर्षांत.

बहुतेक ठिकाणी चाळीस टक्क्यांना उत्तीर्ण. शून्य वर्षाचे गुण पदवीच्या वर्गात सहसा धरत नाहीत, त्यामुळे चुकायला मोकळीक मिळते. पण पुढे जायला काही विद्यापीठं चाळीसपेक्षा जास्त मागतात, ते आधीच वाचून घ्यावं.

आणखी एक गोष्ट तपासायची. एनसीटीजे ही पत्रकार-प्रशिक्षणाची संस्था १९५१ पासून आहे आणि ती पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देते, नभोवाणी-दूरचित्रवाणीसाठी बीजेटीसी. ही मान्यता पदवीला असते, शून्य वर्षाला नाही. एनसीटीजेच्या पदविकेत अजूनही टीलाइन लघुलिपी शिकता येते. जेम्स हिल यांनी १९६८ मध्ये तयार केलेल्या या लिपीत मिनिटाला शंभर शब्द हा जुना मापदंड आहे. कोर्टात बसून बातमी करणाऱ्याला तिचा उपयोग आजही आहे.

आता पैसे. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी स्थानिक विद्यार्थ्यांच्या फीची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड आहे. वर्गात बसून शिकायच्या विषयांच्या शून्य वर्षाला मात्र ५,७६० पौंडांचीच मर्यादा घातली आहे. तुमचा अभ्यासक्रम कुठल्या गटात आहे ते विद्यापीठालाच विचारा. पदवीशी जोडलेल्या शून्य वर्षाला सरकारी कर्ज मिळतं. २०२३ च्या ऑगस्टपासून सुरुवात केलेल्यांना ते वार्षिक २५,००० पौंडांवरच्या कमाईच्या नऊ टक्क्यांनी फेडायचं असतं, आणि चाळीस वर्षांनी उरलेलं माफ होतं.

ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांना इथेच ठेच लागते. आईवडील नोकरीच्या व्हिसावर आणि मुलगी चार वर्षं इथल्या शाळेत, तरी कायम वास्तव्याचा परवाना नसेल तर तिला सहसा परदेशी विद्यार्थ्याची फी लागते आणि सरकारी कर्ज मिळत नाही. अर्धं आयुष्य ब्रिटनमध्ये गेलेल्यांसारखे अपवाद आहेत, पण ते मोजके. हे अठराव्या वर्षी कळण्यापेक्षा सोळाव्या वर्षी विचारलेलं बरं.

जादा वर्षाचं कर्ज घ्यावं का, हा वाद जुना आहे. २०१९ च्या ऑगर समितीने शून्य वर्षाचा निधी काढून ‘ॲक्सेस टू हायर एज्युकेशन’ पदविकेकडे वळवावा असं सुचवलं होतं. ही पदविका कॉलेजात होते, स्वस्त पडते, आणि नंतर पदवी पूर्ण केली तर तिच्यासाठी घेतलेलं प्रौढ-शिक्षण कर्ज माफ होतं. एकोणीस वर्षांवरच्या माणसाने आधी तिची चौकशी करावी असं माझं मत. आणि ज्याचे गुण थेट प्रवेशाला पुरतात त्याने केवळ आत्मविश्वासासाठी चौथं वर्ष विकत घेऊ नये.

अर्ज यूकॅसवरून, पाच पर्यायांपर्यंत, नेहमीची मुदत जानेवारीत. २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आले आहेत: हा विषय का, अभ्यासाने कशी तयारी झाली, अभ्यासाबाहेर काय केलं. मिळून चार हजार अक्षरं. गुण कमी असलेल्याची लेखणी दुसऱ्या प्रश्नावर अडते. तिथे तिसऱ्याला जास्त जागा द्यावी. मोहल्ल्याच्या बातमीपत्रात लिहिलेलं, मंडळाच्या कार्यक्रमाचं केलेलं ध्वनिमुद्रण, दुकानात काम करताना गिऱ्हाइकांशी बोलायची झालेली सवय, सगळं चालतं, फक्त नेमकं लिहायचं. जानेवारी हुकली तरी जुलैपासून ‘क्लिअरिंग’ सुरू होतं आणि उरलेल्या जागा भरतात. ऑगस्टमध्ये निकालाच्या सकाळी विद्यापीठाला फोन स्वतः विद्यार्थ्यानेच करायचा असतो. आईवडिलांशी ते सहसा बोलत नाहीत.