पाठीवर पिशवी, वाट जव्हारची

अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या सीमेवर इग्वासूचे धबधबे आहेत. एकाच नदीचे पाणी अर्धवर्तुळाकार कड्यावरून पावणेतीनशेच्या आसपास धारांनी कोसळते आणि त्यातली सर्वांत उंच धार ऐंशी मीटरच्या थोडी वर आहे. ब्युनोस आयर्स शहरापासून तिथे बसने जायचे तर सुमारे १३०० किलोमीटरचा रस्ता, म्हणजे जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र. पाठीवर पिशवी टाकून आधी शहर पायी बघायचे आणि मग बसने धबधब्याकडे निघायचे, अशी सफर जगभरातले तरुण करतात. माझा कॉलेजात जाणारा भाचा मोबाइलवर हे व्हिडिओ तासन्‌तास बघत बसतो. "खाला, एकदा तिथे जायचंच," असे त्याचे म्हणणे.

त्याला मी विचारले, "दाभोसा पाहिलास का?" त्याने नावही ऐकले नव्हते. जव्हारजवळच्या लेंडी नदीवरचा हा धबधबा सुमारे ३०० फूट उंच आहे. म्हणजे उंचीने इग्वासूच्या बरोबरीचा. रुंदीत त्याची बरोबरी नाही हे खरे, पण आमच्या भिवंडीपासून तो एका एस.टी.च्या अंतरावर आहे. मग ठरले. मी, माझे मिस्टर, आमची दोन मुले आणि हा भाचा, अशी पाच माणसे सप्टेंबरच्या शेवटी तीन दिवसांसाठी निघालो. स्वतःची गाडी नाही, पॅकेज टूर नाही, प्रत्येकाची पिशवी प्रत्येकाच्या पाठीवर.

वाचकहो, अशी सफर कुणालाही जमण्यासारखी आहे, म्हणून तिची माहिती देते. शिवाय त्या डोंगरात पाण्याबद्दल दोन गोष्टी नीट उमगल्या. धबधब्याला जाणाऱ्या प्रत्येक घरात त्या माहीत असायला हव्यात, असे मला वाटते.

शहर आधी, धबधबा नंतर

भिवंडीहून वाडा, विक्रमगड मार्गे जव्हार शंभर किलोमीटरच्या घरात आहे. विक्रमगड सोडले की घाट सुरू होतो आणि हवा बदलते. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. बहुतेक सहली गाडीतून सरळ धबधब्यावर जातात आणि संध्याकाळी परततात. आम्ही पहिला दिवस मुद्दाम शहरासाठी ठेवला.

जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी. हे घराणे महादेव कोळी समाजाचे. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी या डोंगराळ मुलखात सत्ता स्थापन केली. त्यांचा मुलगा निमशाह याला १३४३ मध्ये दिल्लीच्या तुघलक सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, असा इतिहास सांगितला जातो. पुढच्या राजांच्या नावांतही हा 'शाह' टिकून राहिला: विक्रमशाह, पतंगशाह. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेकडे जाताना विक्रमशाह राजांनी त्यांचे स्वागत केले, ती जागा 'शिरपामाळ' म्हणून दाखवतात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि जव्हार ठाणे जिल्ह्यात आले. १ ऑगस्ट २०१४ पासून ते नव्या पालघर जिल्ह्यात आहे.

जुना राजवाडा, गावाबाहेरचा जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, सूर्यास्ताची दरी, हे सगळे चालत पाहून होते. शहरात शाह सदरुद्दीन चिश्ती यांची दर्गा आहे. तिच्या उरुसाला आसपासच्या पाड्यांवरून सर्व समाजांची माणसे येतात. आदिवासी राजाच्या राजधानीत चिश्ती बुजुर्गाची दर्गा आणि राजांच्या नावात शाह, हे माझ्या मुलांना पुस्तकातून सांगून जेवढे कळले नसते तेवढे दोन तासांच्या चालण्यात कळले.

बाजारात नागली, वरई, उडीद आणि खुरासणी दिसली. बायका रानातली कंटोळी विकायला बसल्या होत्या. मुक्कामाला शहरात साध्या लॉजची चार-दोन ठिकाणे आहेत. सुट्टीच्या दिवसांत आधी फोन करून ठरवावे.

पिशवीत काय असावे

पिशवी जेवढी हलकी तेवढी सफर सुखाची. मुलांना मी नियम घातला होता: आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझे कुणी घ्यायचे नाही. दोन जोड कपडे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले, घट्ट पकड असलेले बूट किंवा सँडल, टॉर्च, पाण्याची बाटली, खजूर, चणे-शेंगदाणे, ओ.आर.एस.ची पाकिटे; पातळ जानमाज; आणि पंधरा-वीस मीटर मजबूत दोरी. दोरी कशाला, असे मुलगी म्हणाली. ते पुढे सांगते. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी ठेवावी. बिस्किटांचे कागद आणि बाटल्या धबधब्यावर सोडून येणारे लोक आपल्याला नावे ठेवताना दिसतात, पण आपणही त्यांच्यातले होऊ नये एवढे आपल्या हातात आहे.

पाणी सुंदर असते आणि बेफाम असते

दुसऱ्या दिवशी जीपने दाभोसा गाठला. जव्हारहून तो साधारण वीस किलोमीटर. वरून पाहिले तर काळ्या कातळाच्या कुशीत पांढरी धार आणि खाली हिरवा डोह. भाच्याच्या तोंडून "माशाअल्लाह" निघाले आणि पुढच्याच क्षणी तो बुटाची नाडी सोडू लागला. त्याला पोहता येते. गावातल्या ज्या मुलाला आम्ही वाट दाखवायला बरोबर घेतले होते, त्याने त्याचा दंड धरला. म्हणाला, "आम्ही हितलंच, तरी या दिवसांत उतरत नाय."

त्या मुलाचे म्हणणे का खरे आहे, हे नीट समजून घेऊ या.

धबधब्याच्या पायथ्याशी पाणी फेसाळते, म्हणजे त्यात हवा मिसळलेली असते. अशा पाण्यात शरीर तरंगत नाही, कितीही चांगला पोहणारा असला तरी. वरून पडणारी धार पाण्याला खाली ढकलते आणि ते पाणी पुन्हा धारेकडेच फिरते. त्या भोवऱ्यात सापडलेला माणूस बाहेर फेकला जात नाही, आतच घुमत राहतो. डोहाची खोली वरून कळत नाही. आपल्याकडचा बेसाल्टचा कातळ शेवाळ धरतो आणि त्यावरून पाय सुटायला एक पाऊल पुरते. शिवाय आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या डोंगरात पाऊस पडत असू शकतो. हा कातळ पाणी मुरू देत नाही, त्यामुळे वरचा पाऊस थोड्या वेळात खाली येतो. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाहू लागल्या किंवा आवाज वाढला, तर फोटो अर्धवट सोडून ताबडतोब वर निघावे.

२ जुलै २०२० रोजी जव्हारजवळच्याच काळमांडवी धबधब्यावर पाच तरुण बुडून गेले. ते दूरचे पर्यटक नव्हते, जव्हारचेच होते. फोटो काढताना दोघांचा तोल गेला आणि त्यांना वाचवायला बाकीचे तिघे पाण्यात शिरले. दोस्तीखातर उडी मारणारी ही मुले भित्री नव्हती, बेफिकीरही नव्हती. बुडणारा माणूस जवळ येणाऱ्याला घट्ट मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते, एवढेच.

आपण ते शिकवू शकतो. कुणी पाण्यात पडले तर मागे उडी घ्यायची नाही. काठावर घट्ट बसून दोरी फेकायची. दोरी नसेल तर गाठी मारलेल्या ओढण्या, लांब फांदी, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे मिळेल ते. एकाने लगेच गावाकडे धावायचे. ११२ हा मदतीचा क्रमांक आहे, पण दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. शक्य असेल तर गावातला एक माणूस बरोबर असावा तो यासाठीच. पावसाळ्यात प्रशासन अनेकदा धबधब्यांवर जायला बंदी घालते. निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि बंदी असेल तर ती पाळावी.

इग्वासूच्या व्हिडिओत भाच्याने एक गोष्ट पाहिली होती पण लक्षात घेतली नव्हती. तिथे लोक कठड्यांच्या पुलांवरून चालतात, धारेखाली आंघोळीला उतरत नाहीत. आपल्याकडे प्रत्येक धबधब्याला कठडा बांधलेला नाही, म्हणून तो कठडा आपल्या मनात असावा लागतो.

हे पाणी जाते कुठे?

तिसऱ्या दिवशी मोखाड्याची एस.टी. धरली. पुढे खोडाळा आणि सूर्यमाळ. सूर्यमाळचे पठार उंचावर आहे आणि त्या दिवसांत ते पिवळ्या रानफुलांनी भरलेले होते. वाटेत प्रत्येक वळणावर एखादी धार कोसळत होती. मुलगा म्हणाला, "अम्मी, इथे पाण्याची काय कमी!"

त्याचे चूक नव्हते. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पण उतार आणि कातळ यामुळे तो वाहून जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. याच मुलखातून वैतरणा वाहते. १९५७ मध्ये तिच्यावर मोडकसागर धरण झाले. २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यात कोचाळेजवळ मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले, त्याची उंची १०२ मीटर. त्यातून मुंबईला रोज ४५ कोटी लिटरहून जास्त पाणी मिळते. मुंबईतल्या आपल्या नातेवाइकांच्या नळाला येणारे पाणी या डोंगरांतूनही येते आणि त्याच डोंगरात उन्हाळ्यात हंडा भरायला रात्र जागावी लागते.

मोखाड्याशी माझी ओळख मात्र जुनी आहे. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी आम्हा शिक्षकांना भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर जावे लागते. तिथे मुलांना गाव विचारले की उत्तर येते: मोखाडा, जव्हार, विक्रमगड. भाताची कापणी झाली, दिवाळी सरली की घरेच्या घरे भट्टीवर येतात. कारण पाऊस संपला की शेतीला पाणी नाही आणि पाणी नाही म्हणून काम नाही. मुले अर्ध्या वर्षात शाळा सोडतात, जूनमध्ये परत जातात तेव्हा मागचे विसरलेले असते. ज्या मुलांची नावे मी चिखल-विटांमध्ये उभी राहून लिहून घेतली, त्यांची गावे मी पहिल्यांदा हिरवीगार पाहिली. आपण जिथे मौज म्हणून तीन दिवस राहतो तिथे पाणी अडले असते, तर त्या मुलांना घर सोडावे लागले नसते, हा विचार मला तिथे सोडत नव्हता.

पाहुण्याने काय करावे

धरणे आणि धोरणे आपल्या हातात नाहीत. पण पाहुणा म्हणून वागणे हातात आहे. पिशवीभर खाणे शहरातून नेण्यापेक्षा गावातल्या घरी नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि रानभाजी सांगावी. हलालची अडचण येत नाही, चव नवी मिळते आणि चार पैसे त्या घरात जातात. वाटाड्याला घासाघीस न करता पूर्ण पैसे द्यावेत. विहिरीवर किंवा झऱ्यावर वुजू करायचा असेल तर आधी विचारावे आणि गावाच्या पिण्याच्या पाण्यापासून बाजूला बसावे. उन्हाळ्यात गेलात तर त्यांच्या हंड्यातले पाणी मागू नये, आपले पाणी बरोबर न्यावे. कुणाचाही, विशेषतः बायकांचा आणि मुलांचा, विचारल्याशिवाय फोटो काढू नये.

जायला सर्वांत चांगला काळ सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. धारा अजून भरलेल्या असतात आणि पावसाचा जोर ओसरलेला असतो. परतीला खोडाळ्याहून विहीगाव मार्गे कसाऱ्याला उतरता येते. तिथून लोकल मिळते.

आमच्या पाचजणांच्या तीन दिवसांच्या खर्चात भाच्याचे दक्षिण अमेरिकेचे अर्धे तिकीटही आले नसते. तो अजून इग्वासूला जायचे म्हणतो आणि त्याने जावेही. पण यंदा डिसेंबरमध्ये वीटभट्टीवरच्या सर्वेक्षणाला माझ्याबरोबर यायचे त्याने कबूल केले आहे. नावे तो लिहून घेणार आहे. मुलांनी "सूर्यमाळ" म्हटले तर ते कुठे आहे, हे त्याला विचारावे लागणार नाही.