वाळू संपायच्या आत

बेळगावच्या दवाखान्यातून डिस्चार्ज मिळालेलं बाळ येळ्ळूरला पोचायला फारसा वेळ लागत नाही. पण तेवढ्यात वॉर्मर, मॉनिटर, रात्रपाळीची सिस्टर, सगळं मागं पडतं. राजहंसगडाच्या पायथ्याच्या गावात आता बाळावर नजर ठेवायची ती आशाताईनं आणि तिच्या पाठीशी असलेल्या उपकेंद्राच्या सिस्टरनं. जन्मापासूनच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं, असं २०११ पासून देशभर ठरलेलं आहे.

ताई बाळाचे श्वास मोजते. पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर फसगत होते, कारण चांगल्या धडधाकट तान्ह्याचा श्वासही भराभर चालतो, काही सेकंद थांबतो, पुन्हा धावतो. साठ किंवा जास्त भरले तर परत मोजायचे. तेवढेच आले तर दवाखाना गाठायचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी मणी आणि मिनिटभराचं वाळूचं घड्याळ यांचं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनियाचा धोका. आकडे न येणाऱ्या बाईच्या हातात केवढं निदान!

मग तळपाय बघायचे. पोट कोमट आणि पाय गार, म्हणजे बाळ ऊब राखायला झगडतंय. तान्ह्याला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. खांद्यांच्या पात्यांमधली खास तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळवतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे ती थोडीच. म्हणून त्याला आईच्या उघड्या छातीशी धरायचं.

गडचिरोलीच्या ३९ गावांत प्रशिक्षित बायकांनी अशी घरच्या घरी काळजी घेतली. नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

१९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला फिलाडेल्फियाचा प्रयोग तर परिचारिकांचाच. डोरोथी ब्रूटन यांनी जन्मतः दीड किलोपर्यंतची ७९ बाळं घेतली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना सरासरी ११ दिवस आधी, सुमारे २०० ग्रॅम कमी वजनावर घरी सोडलं. तज्ज्ञ परिचारिका घरी जायची, फोनवर रोज भेटायची. पुन्हा भरती होण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. दवाखान्याचे अकरा दिवस त्या परिचारिकांनी घरोघरी पेलले होते.