क्रेडिट कंपनीचं, कुरण कोणाचं?

बाकूच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२४ मध्ये कार्बन बाजाराचे नियम मार्गी लागले, त्याची चर्चा आपल्याकडेही झाली. दोनच महिन्यांनी केनियातल्या इसिओलोच्या न्यायालयाने दिलेला निकाल मात्र फारसा कुणाच्या नजरेत आला नाही. बिलिको बुलेसा आणि चेराब ही दोन संवर्धन क्षेत्रं लोकांना विश्वासात न घेता उभारली, म्हणून ती बेकायदा, असा तो निकाल.

यातलं बिलिको बुलेसा 'नॉर्दर्न रेंजलँड्स ट्रस्ट' या संवर्धन संस्थेच्या कार्बन प्रकल्पात येतं. सुमारे १९ लाख हेक्टर माळरान. गुरं ठरल्या क्रमाने चारायची, गवत सावरलं की मातीत कार्बन मुरतो आणि शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दर टनामागे एक क्रेडिट मिळतं. मेटा, नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांनी ती विकत घेतली.

तिथल्या बोराना पशुपालकांची रीत याहून जुनी. त्यांच्या चराईच्या मुलखाला 'देधा' म्हणतात. पावसाळी कुरण वेगळं, कोरड्या दिवसांचं वेगळं आणि दुष्काळासाठी राखलेलं तिसरं. ते कधी खुलं करायचं, हे जाणती माणसं ठरवतात. बाहेरचा कळप आला, तर त्यालाही त्यांची परवानगी लागते. शेजाऱ्यांशी सलोखा टिकतो तो या परवानगीवर.

२०२० च्या अखेरीपासून सलग पाच पावसाळे कोरडे गेले आणि केनियात पंचवीस लाखांवर जनावरं मेली. अशा वेळी कळप हलवला तरच घर तगतं. पण चराईचा क्रम कार्यालयातून येऊ लागला आणि पहाऱ्याला बंदूकधारी रक्षक उभे राहिले, तर जाणत्यांचा शब्द कोण मानणार? गुरं पळवण्यावरून इथे पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडलंय. ते वैर कार्बन प्रकल्पाने आणलेलं नाही, पण ते आवरणारी जुनी व्यवस्था त्याच्यामुळे खिळखिळी होऊ शकते, आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

जुनी चराई मोडीत काढल्याचा आरोप ट्रस्टला मान्य नाही. क्रेडिटचा पैसा स्थानिकांपर्यंत पोचतो, असं त्यांचं म्हणणं. पोचतही असेल. तरीही तीस वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या प्रकल्पात दुष्काळी कुरणाची चावी गावाच्याच हातात राहायला हवी. ती पैशाच्या बदल्यात काढून घेता येत नाही.

यापुढे एखादी कंपनी स्वतःला 'कार्बन न्यूट्रल' म्हणवेल, तेव्हा तिला दोन गोष्टी जरूर विचारा: क्रेडिट कुठल्या जमिनीचं, आणि तिथल्या गुराख्यांची संमती कधी घेतली?