दोन चाव्या हातात आहेत तोवर

चावीवाल्याने हुबेहूब चावी कापून दिली. दार उघडलं, डिकी उघडली, इग्निशनमध्ये चावी फिरली, पण गाडी काही सुरू होईना. डॅशबोर्डवर मात्र चावीच्या चित्राचा दिवा भराभर लुकलुकतोय. चावीवाल्याचं काम चोख झालेलं असतं. गाडीने ती चावी ओळखलेली नसते, इतकंच.

ओळख पटते ती चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात बसवलेल्या तांदळाएवढ्या चिपमुळे. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या रेडिओलहरींवरच ती जागी होते. गाडी तिला दर वेळी एक नवा आकडा पाठवते, चिप आपल्या गुप्त कोडने त्यावर गणित करून उत्तर देते. उत्तर जुळलं तरच इंजिनाचा कॉम्प्युटर इंजिन चालू ठेवतो. रिमोटचा सेल संपला तरी चावी फिरवून गाडी सुरू होते, ती यामुळेच.

सुरुवातीला हे इतकं पक्कं नव्हतं. जनरल मोटर्सने 1986च्या कॉर्व्हेटच्या चावीत साधा रेझिस्टर बसवला होता. त्याचे प्रकार अवघे 15, म्हणजे एकेक करून पाहणाऱ्या चोराला फक्त वेळ हवा. पुढे चिप आली आणि युरोपात 1998पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिथे किया आणि ह्युंदाईच्या इमोबिलायझर नसलेल्या गाड्या 2021-22मध्ये पोरासोरांनी यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवून पळवल्या.

नवी चावी ओळखायला गाडीला शिकवावं लागतं. फोर्डच्या अनेक गाड्यांत हे मालकाला घरीच करता येतं. पहिली चालती चावी लावून इग्निशन काही सेकंद ऑन करायचं, मग बंद. दहा सेकंदांच्या आत दुसरी चालती चावी, तसंच ऑन, तसंच बंद. लगेच तिसरी, म्हणजे नवी चावी. दिवा सुमारे तीन सेकंद स्थिर पेटला की नोंद झाली. अशा आठ चाव्या नोंदवता येतात. दोन चालत्या चाव्यांची अट मला फार शहाणपणाची वाटते. पार्किंगवाल्याच्या किंवा ड्रायव्हरच्या हाती एकच चावी असते, तिच्यावरून तिसरी तयार होत नाही. फियाटने जुन्या गाड्यांबरोबर नव्या चाव्या नोंदवण्यासाठी वेगळी लाल चावीच दिली होती.

दुसरी चावी हरवली की हा सोपा रस्ता बंद. मग आरसी आणि ओळखपत्र घेऊन सर्व्हिस सेंटर गाठायचं. तिथे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून नोंद करतात, बऱ्याच गाड्यांना कंपनीचा सिक्युरिटी कोडही लागतो. दोन्ही हरवल्या तर गाडी टो करून न्यायची वेळ येते. म्हणून तिसरी चावी करायची ती दोन्ही हाताशी असतानाच.

हरवलेल्या चावीची नोंद पुसायचं मात्र बहुतेकजण विसरतात. नवी चावी मिळाली की काम झालं असं वाटतं, पण जुनी गाडीच्या यादीत तशीच राहते आणि सापडेल त्याच्या हातात ती चालते. मेकॅनिकला सगळ्या नोंदी पुसून हातातल्या चाव्या नव्याने चढवायला स्पष्ट सांगावं. जाताना घरातली प्रत्येक चावी बरोबर न्यावी, नाहीतर कपाटात राहिलेलीही बाद होईल. एवढं करूनही हरवलेली चावी दार उघडू शकते. तेवढ्याचीही धास्ती असेल तर कुलपाचा सेटच बदलावा लागतो. पोलिसांकडे चावी हरवल्याची नोंद करून तो कागदही जपून ठेवावा, कारण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या मागते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही हे पाहावं. किती चाव्या नोंदलेल्या आहेत हे अनेक गाड्यांत स्कॅनरवर दिसतं. विकणाऱ्याने दोन दिल्या आणि आकडा तीन आला, तर तिसरी कुठे आहे ते पैसे देण्याआधी विचारावं.