शेपटी छताकडे, मॅडम

प्रोब उजव्या कुशीला टेकलेला, त्यावरची खूण डोक्याकडे. पडद्यावर यकृत, मूत्रपिंड आणि दोहोंमधली मॉरिसनची जागा. अपघातानंतर पोटात रक्त साचलं, तर इथे काळी पट्टी दिसते. तातडीच्या ‘फास्ट’ सोनोग्राफीतल्या चार जागांपैकी हीच मी एमबीबीएसच्या मुलांना आधी शिकवते.

जुनी रीत म्हणजे करून दाखवायचं आणि प्रोब हातात द्यायचा. त्यानं चित्र ओळखता येतं, पण हरवलेलं चित्र परत आणता येत नाही. मनगट एकाच वेळी सरकतं, कलतं, फिरतं. चित्र कशानं गेलं हे मुलाला उमगत नाही, मग तो प्रोब नुसताच दाबत राहतो.

रॉडनी पेटन यांनी 1998 मध्ये चार पायऱ्या मांडल्या. शिक्षकानं आधी न बोलता करायचं, मग समजावत करायचं. तिसऱ्या पायरीला विद्यार्थ्यानं सांगायचं आणि शिक्षकानं तसं करायचं. चौथीला सगळं विद्यार्थ्यानंच. वेळ अपुरा पडला की तिसरी पायरी गाळली जाते. माझ्या मते नेमकी तीच गाळू नये.

‘थोडं वर’ एवढ्यावर मी हात हलवत नाही. वर म्हणजे डोक्याकडे की छताकडे? सरकवू की कलवू? मूल गोंधळतं, पडद्याकडे बघतं, पुन्हा माझ्या मनगटाकडे. मग नेमकं सांगू लागतं: “मूत्रपिंड दिसत नाहीये. प्रोब जागेवरच ठेवा मॅडम, शेपटी छताकडे उचला. आता बरगडीची सावली आली, जरा फिरवा. झोपलेल्या वर्गमित्राला मोठा श्वास घ्यायला सांगा.” श्वासाबरोबर यकृत खाली सरकतं आणि जागा उघडी पडते. एवढं बोलू शकणाऱ्याचा हात पुढे क्वचितच अडतो.

गट मोठा असला की मी एकाला बोलायला लावते आणि दुसऱ्याच्या हाती प्रोब देते. निरोगी वर्गमित्राच्या पोटात रक्त दिसणार नाही, त्यासाठी सिम्युलेटर लागतोच. मात्र आमच्याकडच्या सिम्युलेटरला श्वास नाही. दोन्ही हवेत. शिवाय 1994च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे यंत्राची नोंद असते, ते उचलून वसतिगृहात सरावाला नेता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. म्हणून यंत्रापाशी मिळालेली मिनिटं नुसतं बघण्यात घालवणं मला पटत नाही.

चाचणीत मी जमलेलं चित्र मोडायला लावते आणि पुन्हा शोधायला सांगते. सापडल्यावरही थांबू देत नाही. प्रोब पायांकडे सरकवत यकृताच्या खालच्या टोकापर्यंत न्यायचा. थोडंसंच रक्त असेल तर ते बरेचदा तिथे आधी दिसतं.